मोबाईल, मूल आणि आईबापांचा धाक

यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांत बान्सी म्हणून एक गांव आहे. या गांवच्या ग्रामपंचायतीनें नोव्हेंबर २०२२ मध्यें असा ठराव केला कीं, अठरा वर्षांखालील मुलांनीं मोबाईल वापरूं नये. ठराव मोडल्यास दंड घेण्याचेंहि ठरलें. वर्तमानपत्रांनीं ही वार्ता दूरवर नेली. कोणी गांवाची पाठ थोपटली, कोणी हंसलें. परंतु हंसणारांनींहि एवढें मान्य करावें कीं, वऱ्हाडांतील त्या लहानशा गांवानें जो प्रश्न चव्हाट्यावर मांडला, तो अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांत आजहि दाराआड कुजबुजला जात आहे. मूल मोबाईलवर कोणाशीं बोलतें, आणि तेथें त्याला कोणी इजा केली तर तें आईबापांस कळेल काय, हा तो प्रश्न होय.

मोबाईल मुलांच्या हातीं कसा आला हें विसरतां कामा नये. तो त्यांनीं हट्ट करून मिळविला असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. मार्च २०२० मध्यें करोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या व वर्ग मोबाईलवर भरूं लागले. फेब्रुवारी २०२१ मध्यें इतरत्र व्यवहार पूर्वपदावर येत असतां अमरावती व अचलपूर या शहरांत पुन्हां टाळेबंदी झाली. अकोल्यासहि कडक निर्बंध सोसावे लागले. त्या दिवसांत ज्या घरीं एक मोबाईल होता त्या घरीं दुसरा आला, आणि तो शाळेच्या नांवानें आला. पुढें शाळा उघडल्या, खडू-फळा परत आला; मोबाईल मात्र परत गेला नाहीं. वडील माणसांनींच जी वस्तु पाटीपेन्सिलीच्या जागीं मुलाला दिली, तिच्याबद्दल सारा दोष मुलावर ठेवणें न्यायाचें नव्हे.

शहरांत तर बान्सीचा उपाय करूं म्हटलें तरी होत नाहीं. शाळेचा गृहपाठ, शिकवणीची वेळ, परीक्षेचा निकाल, सारें व्हॉट्सॲपवर येतें. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं बुलढाणा, वाशिम व आसपासच्या तालुक्यांतून मुलें-मुली अकोल्यास येऊन राहतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी परगांवीं खोली घेऊन राहते, तेव्हां रात्रीं आईचा आवाज ऐकण्यास तिच्याजवळ मोबाईलवांचून दुसरें साधन कोणतें? जें साधन तिला घराशीं जोडतें, तेंच परक्यालाहि तिच्या खोलींत आणतें. म्हणून मोबाईल द्यावा कीं न द्यावा या वादांत फार वेळ न दवडतां, तो दिल्यावर मुलाचें रक्षण कसें व्हावें याचा विचार केला पाहिजे.

संकटाचें रूप नीट ओळखलें नाहीं तर पहारा भलत्याच दारावर बसतो. २०१७ सालीं ‘ब्लू व्हेल’ नांवाच्या खेळाची धास्ती घरोघर पसरली. मुलांना आत्महत्येस प्रवृत्त करणारा म्हणून गाजलेला हा खेळ मुलाच्या मोबाईलमध्यें तर नाहीं ना, या काळजीनें आईबाप हैराण झाले. पुढें जानेवारी २०१८ मध्यें सरकारनें संसदेंत सांगितलें कीं, ज्या घटनांचा तपास झाला त्यांपैकीं एकींतहि या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाहीं. राक्षसाचें नांव सर्वांच्या तोंडीं झालें. परंतु मुलांना खरोखर गांठणारा मनुष्य राक्षसासारखा दिसत नाहीं. तो मित्रासारखा दिसतो.

त्याची रीत बहुतेक ठरलेली असते. समजा, अमरावतीच्या राजापेठेंतील नववींतल्या एका मुलाला इन्स्टाग्रामवर त्याच्याच वयाच्या मुलीच्या नांवानें निरोप आला. छायाचित्र गोड आहे. ओळखीच्या चार मुलांचीं नांवेंहि तिच्या यादींत दिसतात, कारण त्या चौघांनाहि तिनें असेंच गांठलेलें असतें. दोन-चार दिवस अभ्यासाच्या, क्रिकेटच्या, घरांत कोणी समजून घेत नाहीं अशा तक्रारींच्या गोष्टी होतात. मग बोलणें दुसऱ्या ॲपवर नेलें जातें. एके रात्रीं ती आपलें म्हणून एक नको तसलें छायाचित्र पाठविते आणि त्याच्याजवळ तसलेंच मागते. तें हातीं पडतांच मुलगी नाहींशी होते आणि तिच्या जागीं दुसराच कोणी दरडावूं लागतो: पैसे पाठव, नाहींतर हें तुझ्या साऱ्या वर्गाला पाठवितों आणि तुझ्या बापाला सांगतों. मुलगी सांपडली असल्यास पैशांऐवजीं बहुधा आणखी छायाचित्रें मागितलीं जातात. आतां तर मुलानें कांहीं पाठविलेलें नसलें तरीहि चालतें. वाढदिवसाचा साधा फोटो उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें त्याचें अश्लील चित्र बनवितां येतें.

या धमकींतील शेवटचे शब्द आईबापांनीं नीट ऐकावेत. ‘तुझ्या बापाला सांगतों’ हेंच त्या भामट्याचें शस्त्र होय. तो शेकडों कोस दूर बसलेला असतो. राजापेठ कोणत्या बाजूला आहे हेंहि त्याला ठाऊक नसतें. मुलाला मारण्यास त्याचा हात पोंचत नाहीं, म्हणून तो बापाचा हात उसना घेतो. ज्या घरांत बापाचा धाक मोठा, त्या घरांत या शस्त्राला धार अधिक. मग मूल आईच्या डब्यांतले पैसे काढतें, मित्राकडून उसने घेतें, शाळा चुकवितें, रात्ररात्र जागतें, आणि कधीं कधीं जिवावरहि उदार होतें. परंतु घरांत बोलत नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें वडील माणसें सांगत आलीं. येथें मूठ झांकून ठेवतो मुलगा, आणि सव्वा लाख मोजून घेतो भामटा. ती मूठ घरांत उघडली कीं त्याचा धंदा बसला.

म्हणून मुलाच्या रक्षणाची पहिली वस्तु बाजारांत विकत मिळत नाहीं व मोबाईलमध्यें उतरवूनहि घेतां येत नाहीं. ती म्हणजे आईबापांनीं संकट येण्यापूर्वींच दिलेलें वचन. तें गोलमाल शब्दांत असूं नये. ‘मोबाईलवर कांहींहि झालें, चूक तुझी असली तरी, तूं येऊन सांग. त्या दिवशीं कोणी मारणार नाहीं, ओरडणार नाहीं आणि मोबाईलहि काढून घेणार नाहीं. आधीं त्या माणसाचा बंदोबस्त करूं. काय चुकलें तें मागून बोलूं.’ एवढ्या स्पष्ट शब्दांत तें मुलानें ऐकलेलें असावें, आणि एकदां नव्हे तर वर्षांतून चार वेळां ऐकलेलें असावें. यांतील मोबाईल न काढण्याची अट कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु मुलांना माराइतकीच मोबाईल जाण्याची भीति असते. खरें सांगितल्याबद्दल मोबाईल गेला तर मूल त्यापासून एकच धडा घेतें. पुढच्या वेळीं सांगावयाचें नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं, अशानें मुलें बेताल होतील. वऱ्हाडांतल्या पिढ्यान्‌पिढ्या धाकांत वाढल्या आणि चांगल्या निघाल्या. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. धाकामुळें मूल दिवेलागणीला घरीं येत असे, हें खरें आहे. परंतु त्या काळीं वाईट संगत गल्लींतच असे. शेजारचे काका, पानठेल्यावरचा ओळखीचा माणूस, शाळेंतले गुरुजी, कोणी ना कोणी पाहत असे आणि सायंकाळपर्यंत बातमी घरीं पोंचत असे. मोबाईलमधील गल्लीला शेजार नाहीं. तेथें काय घडलें याचा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे स्वतः मूल. साक्षीदारालाच दम देऊन गप्प बसविल्यावर खटला कसा चालावयाचा? घरांत नियम अवश्य असावेत, ते मोडल्यास शासनहि असावें. मात्र येऊन सांगण्याच्या वाटेवर धाकाची सावली पडूं नये. ज्या मुलाला वडिलांजवळ बोलणें जड जातें, त्याच्यासाठीं आत्या, मामा, मोठी बहीण किंवा एखादे शिक्षक असें दुसरें माणूसहि आधींच ठरवून द्यावें.

मूल येऊन सांगेल त्या घटकेस काय करावयाचें, हेंहि आधींच ठाऊक असावें. कारण त्या वेळीं मोठ्यांचीहि बुद्धि ठिकाणावर राहत नाहीं. पैसे पाठवूं नयेत. एकदां दिले कीं मागणी थांबत नाहीं, वाढते. घाबरून संभाषण पुसून टाकूं नये. समोरच्या खात्याचें नांव, मोबाईलचा क्रमांक, पैसे जेथें मागितले तो यू.पी.आय. पत्ता, तारीख आणि वेळ हीं टिपून ठेवावींत, धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि मग त्या खात्याविरुद्ध त्या ॲपमध्येंच तक्रार करून तें ब्लॉक करावें. मुलाचें अश्लील छायाचित्र मात्र पुरावा म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर चुकूनहि पाठवूं नये. मुलांचीं असलीं चित्रें बाळगणें व फिरविणें हा गुन्हा असून, २३ सप्टेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींतील कायदा अधिक कडकपणें स्पष्ट केला आहे. मोबाईल आहे तसा पोलिसांस दाखवावा.

पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा. रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत सरकण्यापूर्वीं ती थोपविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते. सरकारनें २०१९ मध्यें सुरू केलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर मुलांविरुद्धच्या असल्या गुन्ह्यांची तक्रार नांव न देतांहि नोंदवितां येते. मुलांसाठीं १०९८ हा स्वतंत्र क्रमांक आहे. १९९६ मध्यें मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमांतून हें कार्य प्रथम सुरू झालें. या क्रमांकावर रात्रींबेरात्रीं केव्हांहि आणि पैसे न पडतां फोन करतां येतो, व तो मूल स्वतःहि करूं शकतें. हा क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा.

पोलिसांत जाण्याचें नांव काढतांच सुशिक्षित घरें कचरतात. अब्रू जाईल, मुलीचें नांव वर्तमानपत्रांत येईल, मुलाला ठाण्यांत बसवून ठेवतील, अशा शंका मनांत येतात. त्यांचें निरसन कायद्यानेंच केलेलें आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचें संरक्षण करणारा २०१२ चा कायदा ‘पोक्सो’ या नांवानें ओळखला जातो. मुलाशीं इंटरनेटवरून वाईट हेतूनें वारंवार संपर्क साधणें, आणि त्याचें खरें अथवा बनावट चित्र प्रसृत करण्याची धमकी देणें, हे दोन्हीं प्रकार त्याच्या कलम ११ मध्यें येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेनें बनविलेलें खोटें चित्रहि म्हणूनच कायद्याच्या हाताबाहेरचें नाहीं. कलम २४ प्रमाणें मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला सोयीच्या जागीं घ्यावयाचा असतो. तो शक्यतों उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाची नसलेल्या स्त्री अधिकाऱ्यानें घ्यावा, आणि जबाब घेणाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा, असें तेथें सांगितलें आहे. कोणत्याहि कारणानें मुलाला रात्रीं ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. त्याची ओळख पटेल असा मजकूर छापण्यास मनाई आहे. भामटा कोणत्या प्रांतांत बसला आहे याचीहि चिंता नको. गुन्हा कोठेंहि घडलेला असो, जवळच्या ठाण्यास तो नोंदवून घ्यावा लागतो. अकोल्याच्या खोलींत राहणाऱ्या मुलीची तक्रार नोंदविण्यासाठीं तिला आपल्या गांवीं परतावें लागत नाहीं.

छायाचित्र पसरण्याची भीति उरतेच. तिच्यावरहि आज कांहीं उपाय आहे. अमेरिकेंतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीं काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्रानें फेब्रुवारी २०२३ मध्यें ‘टेक इट डाउन’ नांवाची विनामूल्य सेवा सुरू केली. तींत छायाचित्र कोणाकडे पाठवावें लागत नाहीं. मुलाच्या मोबाईलवरच त्या चित्राचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि तेवढा ठसाच इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. त्याच्याशीं जुळणारें चित्र आपल्याकडे आढळल्यास त्या तें काढून टाकूं शकतात. सर्वच ॲप या व्यवस्थेंत नाहींत. तथापि जेथें मुलें अधिक वावरतात अशा पुष्कळ जागा तींत आहेत.

आतां प्रतिबंधाविषयीं थोडें. इन्स्टाग्रामवर खातें काढण्यास तेरा वर्षें पूर्ण असावीं लागतात. पांचवी-सहावींतील मुलें जन्मसाल खोटें घालून तें काढतात, आणि पुष्कळदां घरांतलेंच कोणी मोठें माणूस त्यांस मदत करतें. यांत एक खोल नुकसान आहे. २०२४ पासून या कंपनीनें अल्पवयीनांचीं खातीं आपोआप खाजगी ठेवण्याची आणि अनोळखी माणसांचे निरोप अडविण्याची व्यवस्था केली आहे. परंतु ज्याचें वय कागदोपत्रीं पंचवीस आहे अशा अकरा वर्षांच्या मुलाला ती व्यवस्था कशी लागू पडावी? म्हणून खातें उशिरा काढावें. काढलें तर जन्मतारीख खरी घालावी. लहान मुलाच्या मोबाईलवर गुगलचें ‘फॅमिली लिंक’ बसवितां येतें. त्यामुळें नवें ॲप घेण्यापूर्वीं पालकाची अनुमति लागते व वापराचे तासहि ठरवितां येतात. खेळांतून अनोळखी खेळाडूंशीं बोलण्याची सोय असते, ती लहानांसाठीं बंद ठेवावी. यू.पी.आय.चा गुप्त क्रमांक मुलाला सांगूं नये. रात्रीं सर्वांचे मोबाईल एका जागीं, शक्यतों स्वयंपाकघराच्या किंवा बैठकीच्या खोलींत, चार्जिंगला लावावेत. कारण असलीं संभाषणें पांघरुणाखालीं वाढतात. आणि शाळेच्या गणवेशांतील मुलाचा फोटो, त्यावर शाळेचें नांव व वर्ग, असा मजकूर स्टेटसवर ठेवण्याची हौस आईबापांनींच आवरावी. परक्याला ओळख करून घेण्यास लागणारी सारी माहिती ती एका चित्रांत देऊन ठेवते.

मूल मोठें होत जाईल तसा पहाराहि सैल करावा लागतो. दहा वर्षांच्या मुलाच्या मोबाईलवर काय आहे हें आईनें उघडपणें पाहावें, त्यांत वावगें कांहीं नाहीं. सोळा वर्षांच्या मुलीचीं संभाषणें ती झोंपल्यावर चोरून वाचणें मात्र घातक होय. तिला तें कळल्यावांचून राहत नाहीं. आणि कळलें म्हणजे ती दुसरें खातें काढते, ज्याचें नांवहि घरांत कोणास ठाऊक नसतें.

सरकारांनींहि आतां या प्रश्नांत हात घातला आहे. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस मोठ्या समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास बंदी लागू केली. त्या बंदींत दंड मुलाला किंवा आईबापाला नाहीं. तो कंपन्यांना आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेंहि अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वीं पालकाची खात्रीलायक संमति घ्यावी असें तत्त्व घातलें आहे. ज्या कंपन्या मुलांच्या वेळेवर पैसा मिळवितात त्यांच्यावर बोजा टाकणें योग्यच होय. परंतु बान्सीचा ठराव असो कीं ऑस्ट्रेलियाचा कायदा असो, बंदी चोरून मोडणारें मूल संकटांत सांपडलें तर तें आधींपेक्षांहि अधिक गप्प बसेल, ही अडचण दोहोंसहि सारखीच आहे. बंदीबरोबर अभयहि द्यावें लागतें.

अभय शब्दांनीं दिलें तरी तें खरें आहे याचा अनुभव मुलाला रोजच्या बोलण्यांतून यावा लागतो. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें ऑगस्ट २०२२ मध्यें एक निराळी वाट काढली. सायंकाळीं सात वाजतां मंदिरावरील भोंगा वाजे; त्यासरशीं घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद होत, आणि साडेआठपर्यंत बंद राहत. मुलें अभ्यासास बसत. या उपक्रमांतील मर्म असें कीं, त्या दीड तासांत मोठ्यांचाहि मोबाईल बंद होता. वऱ्हाडाला ही कल्पना परकी वाटूं नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीहून सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेची चाल याच प्रदेशांतील गांवोगांवीं पसरली. दिवेलागणीला लहानथोरांनीं एकत्र बसावें ही संवय येथें जुनीच आहे. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्यें वैद्य बंधूंनीं स्थापिलें. मैदानावर घाम गाळून घरीं येणाऱ्या मुलाला भूक लागते, झोंप येते आणि मित्रहि हाडामांसाचे मिळतात.

शहरांत मंदिरावरचा भोंगा कोण वाजविणार? जेवणाचें ताट हाच घरचा भोंगा समजावा. ताटावर कोणाचाहि मोबाईल नसावा, वडिलांचा तर नसावाच. तेवढ्या वेळांत मुलाच्या बोलण्यावर लगेच निवाडा न देतां तें ऐकून घ्यावें. वर्गांत कोण कोणाशीं भांडलें, कोणता खेळ सध्यां गाजतो, कोणी कोणाला काय पाठविलें, असल्या क्षुल्लक गोष्टी ज्या मुलाच्या आईबापांनीं कान देऊन ऐकल्या, तेंच मूल एखाद्या रात्रीं अकोल्याच्या खोलींतून फोन करून मोठी गोष्टहि सांगेल. तो फोन आला तर पहिलें वाक्य कोणतें बोलावयाचें, हें आईबापांनीं आजच ठरवून ठेवावें. ‘बरें केलेंस सांगितलेंस’ एवढे तीन शब्द त्या वेळीं पुरेसे आहेत. पुढचें काम करावयास १९३० आहे, १०९८ आहे, कायदा आहे आणि सारी रात्र आहे.